भिंतीआड गेलेल्या कामाचे फोटो पुसू नका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात घरं बांधणाऱ्या कंत्राटदार, इंजिनिअर, सुपरवायझर आणि मेस्त्री मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेली एकवीस वर्षं मी अनगोळमधल्या एका बांधकाम कार्यालयात नोकरी करते. बिलं, कामगारांची हजेरी, खडी-सिमेंटच्या पावत्या हे माझं रोजचं काम. साइटवरून येणारे फोटो लावून ठेवायचं कामही पहिल्यापासून माझ्याकडंच आहे. ‘मॅडम, वडगावच्या त्या घराचा फुटिंगचा फोटो जरा शोधून द्या की’ असा फोन महिन्यातनं दोन-तीनदा तरी येतो. (फुटिंग म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया.) कधी फोटो मिळतो, कधी मिळत नाही. मिळत नाही तेव्हा पुढं काय काय होतं ते मी बघत आलेय, म्हणून तुम्हाला लिहितेय.

आमच्या कार्यालयानं २००९ साली एक घर बांधलं होतं. तीस-चाळीसचा प्लॉट, खाली तीन खोल्या, वर गच्ची. मालक शाळेतनं निवृत्त झालेले, सगळे त्यांना सरच म्हणायचे. २०२२ मध्ये त्यांचा मुलगा पुण्याहून परत आला आणि वर मजला चढवायचं ठरलं. नव्या इंजिनिअरनं पहिलाच प्रश्न विचारला: फुटिंग किती खोल आहे आणि कॉलममध्ये किती सुताच्या किती सळ्या आहेत? नकाशा होता. त्यात पाच फूट खोली आणि चार सुताच्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या, सहा सळ्या लिहिल्या होत्या. पण खणताना काळी माती वाटली त्यापेक्षा खोल निघाली म्हणून आणखी खाली गेलो होतो, एवढं आमच्या साहेबांना आठवत होतं. नक्की किती, कुठल्या कोपऱ्यात, ते कुणालाच सांगता येईना. त्या कामाचे फोटो मी स्वतः सीडीवर उतरवून ठेवले होते. सीडीवर माझ्याच अक्षरात सरांचं आडनाव आणि साल. ती सीडी ड्राइव्हमध्ये घातली की नुसती घरघर. उजेडात धरून बघितली तर चंदेरी थराला कडेनं बुरशीसारखे डाग पडलेले आणि मधे टाचणीनं टोचल्यासारखी आरपार भोकं. मूळ फोटो ज्या कॉम्प्युटरवर होते तो २०१४ मध्येच भंगारात गेला होता.

मग घराच्या मागच्या कोपऱ्यात खड्डा खणला. त्यासाठी तुळशी वृंदावन हलवावं लागलं. दोन कॉलमचा गिलावा फोडला, आतलं काँक्रीट छिन्नीनं टोकून सळी उघडी केली. सरांच्या पत्नी मागच्या दारात उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, ‘बांधताना तुम्ही फोटो काढले होते न्हवं? मग आम्हाला का नाही दिला एक सेट?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. खड्डा साडेसहा फुटांवर मुरुमात पोचला. फुटिंग तिथं नीट बसलेलं होतं. सळ्या सहाच्या सहा, चार सुताच्या. काम चोख होतं. खरं ते चोख आहे एवढं दाखवायला एक चांगलं घर फोडावं लागलं.

फोटो किती वर्षं ठेवायचे हा प्रश्न आपल्याकडं बहुतेक वेळा फोन भरल्यावरच निघतो. शेवटचं बिल निघालं, रिटेन्शनचे, म्हणजे हमी म्हणून अडवून ठेवलेले, पैसे सुटले, की फोटो पुसून टाकायचे ही सर्रास पद्धत. जरा जाणकार माणूस असेल तर तो कायद्यातली मुदत विचारतो. ती सांगते, कारण ती माहीत असायलाच हवी.

ग्राहक आयोगाकडं तक्रार करायला कारण घडल्यापासून २ वर्षं. करारभंगाचा किंवा केलेल्या कामाच्या पैशांचा दिवाणी दावा ३ वर्षं. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांचा कायदा, लागू असेल, म्हणजे जागा ५०० चौरस मीटरहून जास्त किंवा फ्लॅट आठाहून जास्त असतील, तर ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनाला आणला की बिल्डरनं तो ३० दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे. आणि केंद्र किंवा राज्य सरकारला दावा लावायला ३० वर्षांची मुदत आहे. पीडब्ल्यूडीची कामं घेणाऱ्यांनी हा आकडा कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

पण नुसती वर्षं मोजून भागत नाही, मोजायला कधीपासून लागायचं हेही बघावं लागतं. गच्ची चौथ्या पावसाळ्यात गळायला लागली तर कारण कधी घडलं, बांधताना की गळताना, इथंच वाद सुरू होतो. दोष मुद्दाम लपवला असा आरोप असेल तर लबाडी उघडकीला आल्यापासून मुदत धरतात. मुदत संपायच्या आत तुम्ही लेखी सही करून बाकी कबूल केलीत, तर तिथून मोजणी नव्यानं सुरू. कोविडमध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळच मुदतीतनं वगळला. म्हणजे २०१७ च्या दिवाळीत संपलेल्या कामाचे फोटो कुणी २०२० च्या दिवाळीला ‘झाली की तीन वर्षं’ म्हणून पुसले असतील, तर दावा यायची वाट उघडी असतानाच ते पुसले गेले.

शिवाय, दावा कधीपर्यंत येऊ शकतो एवढंच या मुदती सांगतात. सरांच्या घराबाबत कुणी दावा लावला नव्हता, भांडण नव्हतं. त्यांना फक्त वर एक मजला हवा होता, तेराव्या वर्षी. घर पन्नास-साठ वर्षं उभं राहतं आणि तेवढ्या काळात कधीतरी कुणाला तरी भिंतीआड काय आहे ते बघावंच लागतं. म्हणून माझं म्हणणं असं: जे काम झाकलं जातं त्याचे फोटो ते काम झाकलेलं असेपर्यंत ठेवायचे. इमारत उभी आहे तोपर्यंत. बाकीचे फोटो सहा-सात वर्षांनी, सगळे हिशेब मिटल्यावर, खुशाल काढून टाका.

झाकलं जाणारं म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. खणलेला पाया आणि त्याच्या तळाची माती. फुटिंगची जाळी, कॉलमच्या रिंगा, प्लिंथ बीम. स्लॅबची सळी काँक्रीट पडायच्या आदल्या संध्याकाळी, आणि तिच्यातनं गेलेले लाइटचे पाइप. बाथरूमच्या भिंतीतल्या पाण्याच्या लाइनी टाइल्स बसायच्या आधी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग वरचा कोबा पडायच्या आधी. अंगणाखालची ड्रेनेजची लाइन, सेप्टिक टँक कुठं आहे ते. गीझर बसवायला आलेल्या पोरानं ड्रिल मारून पाइप फोडला असं ऐकलं की मला प्रत्येक वेळी वाटतं, टेप लावून काढलेला एक फोटो त्या घरात असता तर.

आपल्या भागात पायाच्या फोटोचं मोल जरा जास्तच आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात, जिथं कधी बासमतीची शेतं डोलायची, तिथं आता प्लॉट पडलेत. ती काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यातच सोडला तर दोन-तीन उन्हाळ्यांत भिंत सांगून टाकते. उलट खानापूरच्या वाटेला लागलं की लाल माती, जांभा. चार कोसांत जमीन बदलते, म्हणून शेजारच्या घराचा पाया अमुक खोल होता म्हणून आपलाही तेवढाच, असा अंदाज इथं चालत नाही. प्रत्येक खड्ड्याचा तळ वेगळा दिसतो आणि तो दिसतो फक्त एक-दोन दिवस.

माझ्याकडं २०१६ चा एक फोटो आहे. येळ्ळूर रोडकडच्या एका घराचा, सकाळचा. खड्ड्याच्या भिंतीला वर काळी माती, खाली साधारण चार फुटांवर रंग बदलून तांबूस-पिवळा मुरूम लागलेला. टेपचं वरचं टोक सळीकाम करणाऱ्या पोरानं अंगठ्यानं दाबून धरलंय. त्याचं नख काळंनिळं झालेलं दिसतं, बहुतेक आदल्या दिवशी हातोडी बसली असणार. टेपवर पाच फूट आठ इंच वाचता येतं. बाजूला शाळेची काळी पाटी, तिच्यावर खडूनं ‘सी-४, फुटिंग’ आणि तारीख. रात्री पाऊस झाला असावा, पाटी ओली आहे आणि ‘फुटिंग’ची शेवटची अक्षरं ओघळली आहेत. २०२३ मध्ये त्याच घराला त्याच कोपऱ्यात तिरपी भेग गेली. मालक तावातावानं आले, पाया वरच्यावर सोडला म्हणाले. साहेबांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला, मी हा फोटो काढून दिला. मालकांनी दोनदा मोठा करून बघितला. मग सगळे मिळून जाग्यावर गेले तेव्हा कळलं, की बाहेरचा जिना नंतर दुसऱ्याकडनं करून घेतला होता, तो भरावाच्या मातीवर होता आणि खचताना भिंतीला ओढत होता. अर्ध्या दिवसात विषय मिटला, आणि जिन्याची दुरुस्ती आमच्याच साहेबांकडं आली.

ती पाटी ठेवायची सवय आमच्या एका जुन्या मेस्त्रींची. ते आता नाहीत. त्यांच्यामुळं मला कळलं, की फोटोत कुठलं घर, कुठला कॉलम, कुठली तारीख हे दिसलं नाही तर दहा वर्षांनी तो कुठल्याही घराचा फोटो होऊन बसतो. आधी लांबनं एक, त्यात आजूबाजूची ओळखीची खूण येईल असा. मग जवळनं टेप लावून एक. रिंगा किती इंचांवर आहेत ते दिसावं, रिंगेचं टोक आत वळवलंय का ते दिसावं, कव्हर ब्लॉक दिसावेत. कव्हर म्हणजे सळीवरचं काँक्रीटचं आवरण, ते राहावं म्हणून लावलेले ठोकळे म्हणजे कव्हर ब्लॉक. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणं फुटिंगला ५० मिलिमीटर आणि कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर लागतं. काँक्रीट पडल्यावर हे फोडल्याशिवाय किंवा मशीन लावल्याशिवाय समजत नाही.

इथं आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्याकडं सरकारी कागद कन्नडमध्ये, मालक मराठी, सेंट्रिंगचं टोळकं विजापूरकडचं, फरशीवाले राजस्थानचे. करारात काय लिहिलं आणि कुणाला काय समजलं यावरनं किती भांडणं होतात ते तुम्ही बघताच. टेपवरचा आकडा मात्र सगळ्यांना वाचता येतो.

आता व्हॉट्सॲपबद्दल. सुपरवायझर फोटो काढतो, साइटच्या ग्रुपवर टाकतो आणि आपल्या फोनमधनं पुसतो. ग्रुपवर आहे म्हणजे ठेवलाय असं त्याला वाटतं. खरं व्हॉट्सॲप फोटो बारीक करून पाठवतं, आणि मूळ फाइलमध्ये दडलेली तारीख, वेळ, जागा ही माहिती त्यात गळून जाते. पाटीवरची बारीक अक्षरं आणि टेपचे आकडे फुटतात. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल आहे तशी येते. आणि फोन सुपरवायझरचा असतो हे विसरू नका. आमचा एक सुपरवायझर चांगल्या नोकरीसाठी दुबईला गेला, त्याच्यासोबत तीन घरांचे फोटो गेले. त्याची काही चूक नव्हती, आम्हीच कधी मागून घेतले नाहीत. आता दर शनिवारी पगार वाटायच्या आधी मी सगळ्यांचे फोन केबलनं जोडून फोटो उतरवून घेते.

मूळ फाइल जपायला कायद्याचंही कारण आहे. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झालाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणं डिजिटल फोटोची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर सोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलची हॅश लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा, आत एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. फोटो कुठल्या फोनवर काढला, कुणी उतरवला, कुठं ठेवला हे सांगता आलं पाहिजे. माझी एक साधी वही आहे, त्यात मी उतरवल्याची तारीख आणि फोन कुणाचा ते लिहिते.

‘एवढं सगळं ठेवायचं कुठं?’ असं विचाराल. हिशेब करून बघा. एका घराला वर्ष लागलं, दिवसाला पंधरा फोटो, कामाचे तीनशे दिवस, म्हणजे साडेचार हजार फोटो. एक फोटो ४ एमबीचा धरला तर १८ जीबी. गूगलची फुकटची जागा १५ जीबी, एका घराला पुरायची नाही. पण त्यातले झाकलेल्या कामाचे, न हललेले, पाटी असलेले निवडले तर दोनशेच्या वर जात नाहीत. ते ८०० एमबी. अशी शंभर घरं ८० जीबीत बसतात. मी काम संपल्यावर त्याच महिन्यात बसून निवडते, कारण वर्षभरानं कुठला कॉलम कुठला ते मलाही आठवत नाही. फोल्डरला नाव सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबरचं देते. आधी मालकाच्या आडनावानं द्यायची, तर ‘पाटील वडगाव’ नावाचे चार फोल्डर झाले होते. आणि निवडताना कामगारांची आंघोळ, मालकांच्या घरातली बायका-पोरं असे आलेले फोटो आधी काढून टाकते. ते ठेवायचा आपल्याला हक्क नाही.

प्रती दोन हव्यात, दोन वेगळ्या जागी. आमच्याकडं एक हार्ड डिस्क कार्यालयात असते, एक साहेबांच्या घरी वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर का, तर ऑगस्ट २०१९. त्या वर्षी शहरातल्या सखल भागांत घराघरांत पाणी शिरलं, आमच्या ओळखीच्या एका इंजिनिअरचं तळमजल्यावरचं कपाट नकाशांसकट भिजून लगदा झालं. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिला की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. हार्ड डिस्कही चार-पाच वर्षांनी बदलून सगळं नव्या डिस्कवर घ्यावं.

त्या पुरानं आणखी एक शिकवलं. माझ्या मावशीचं पाच खणांचं मातीच्या भिंतीचं घर खानापूर तालुक्यात होतं, ते त्या पावसात बसलं. पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाख जाहीर केले होते. घर केवढं होतं, कसं होतं हे दाखवायला काय आहे म्हणून आम्ही घरभर शोधलं. एकच फोटो निघाला, नातवाच्या बारशाचा. पाळण्यामागं भिंत, कोनाडा आणि दाराची चौकट दिसत होती. तोच अर्जाला जोडला. पुढं नवं घर बांधताना पाया, लिंटेल, स्लॅब अशा टप्प्याटप्प्यावर फोटो द्यायचे आणि मग हप्ता यायचा. त्या फोटोंची प्रत मावशीनं ठेवली नव्हती. मी पुन्हा जाऊन मेस्त्रींच्या फोनमधनं घेतली आणि छापून घराच्या कागदांच्या पिशवीत घातली.

आता ज्याबद्दल आपण उघड बोलत नाही त्याबद्दल लिहिते. ‘फोटो ठेवले तर उद्या आपल्याच अंगावर येतील’ अशी भीती तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात असते. मला ती समजते. आमच्या एका कामात कॉलमची फळी काढली तर खाली हातभर जागेत खडी उघडी पडलेली. व्हायब्रेटर नीट फिरला नव्हता. सुपरवायझर म्हणाला, हा फोटो नको ठेवू. मी ठेवला, आणि साहेबांनी सैल भाग टोकून काढून ग्राउट करून, म्हणजे सिमेंटचा पातळ माल भरून घेतलं, त्या दुरुस्तीचेही पाच फोटो लगोलग काढले. सहा वर्षांनी तिथला गिलावा फुगला तेव्हा मालकांना आधीचे आणि नंतरचे दोन्ही दाखवले. नुसते नंतरचे दाखवले असते तर ‘आधी काय होतं ते लपवलं’ असंच त्यांना वाटलं असतं. आणि वाद सुरू झाल्यावर, नोटीस आल्यावर तर एकही फोटो पुसू नका. हातात असलेला पुरावा दिला नाही, तर तो तुमच्याविरुद्धच होता असं न्यायालय धरू शकतं.

तुम्हा सगळ्यांकडं माझं एकच मागणं आहे. वास्तुशांतीला किल्ली देताना मालकांच्या हातात नकाशासोबत या दोनशे फोटोंचा एक सेट द्या. पेनड्राइव्हवर द्या, आणि त्यातले वीस-पंचवीस छापूनही द्या, पाया आणि पाण्याच्या लाइनी तरी. घर त्यांचं आहे, ते विकतील, वाटण्या होतील, पोरं वर मजले चढवतील. तोवर आपलं कार्यालय असेल नसेल. सरांच्या वरच्या मजल्याचा असा सेट मी त्यांच्या पत्नीला दिला, त्यांनी तो देवघराच्या खालच्या कप्प्यात खरेदीखताच्या फाइलला लावून ठेवलाय.

आणि ज्यांच्याकडं जुन्या सीडी आहेत त्यांनी त्या मृग लागायच्या आत एकदा उघडून बघा. पाचातली एखादी वाचली तरी ती लगेच उतरवून घ्या. सीडीचा ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर आता कुणाकडं सापडत नाही, आमच्या कार्यालयात एक आहे. शनिवारी दुपारी तीननंतर मी मोकळी असते. सीडी घेऊन या, बसून उतरवू.

आपली,
अनगोळमधल्या कार्यालयात फोटो सांभाळणारी एक कर्मचारी
बेळगाव